पाहिलंत की वाटलं?

सर्जापूर रोडला गाडी पाठवायला अक्कांनी शेवटपर्यंत नकार दिला. "ते बेंगळूरात येतं का?" असं त्या विचारायच्या आणि उत्तरासाठी थांबायच्या नाहीत. त्यामुळे शनिवारी पहाटे आम्ही सर्जापूर रोडवरची चार-पाच मराठी डोकी गालावर उशीचे वळ घेऊन टॅक्सीत बसायचो आणि अख्खं शहर ओलांडून जे. पी. नगरला त्यांच्या फाटकाशी जमायचो. फाटकाशी नाही जमलं तर यशवंतपूरच्या पुलाखाली. तिथेही नाही जमलं तर घरी जाऊन झोपायचं. गाडी पाच म्हणजे पाचला हलायची. एकदा एक जण समोरच्या टपरीवर कॉफी घेत उभा होता. त्याला खिडकीतून हात हलवून निरोप देत आम्ही निघालो. "अक्का, तो राहिला की!" म्हणून कुणीतरी ओरडलं. "दिसला मला," अक्का म्हणाल्या, "पाच वाजलेलेही दिसले."

अक्का नात्याने आमच्यापैकी कुणाच्याच कुणी नव्हत्या. जुन्या बेंगळुरी मराठी घरांत मोठ्या बाईला अक्का म्हणतात, तशा त्या सगळ्या गल्लीच्या अक्का होत्या आणि मग आमच्याही झाल्या. त्यांचं घराणं शेकडो वर्षांपूर्वी मराठा फौजेबरोबर इकडे आलं आणि इकडचंच होऊन गेलं. बोलायच्या मराठीच, पण वाक्य मध्येच कानडीत शिरायचं आणि आपल्या मर्जीने बाहेर यायचं. गटात नवीन आलेल्या माणसाला पहिल्या तासाभरात तीन शब्द न शिकवता कळायचे. 'स्वल्प' म्हणजे जरा दम धर, 'सरी' म्हणजे बरं, चल आता, आणि 'साकु' म्हणजे पुरे, तोंड बंद. मला त्या पुट्टी म्हणायच्या. पुट्टी म्हणजे चिमुरडी. माझं वय पस्तीस, हाताखाली टेस्टिंगची अख्खी टीम, आणि मला चिमुरडी म्हणणारी या शहरात ही एकच बाई. मला ते फार आवडायचं.

महिन्यातून एक शनिवार-रविवार त्या आम्हाला चिक्कमगळूरच्या डोंगरांत न्यायच्या. कॉफीच्या मळ्यातलं एक घर मुक्कामाला ठरलेलं होतं. मागे दाट रान, वर गवताचे उघडे माथे. काय दाखवणार, कुठले पक्षी, कुठली झाडं, याबद्दल आधी अवाक्षर नाही. फोनवर कुणी विचारलं, "वाघ दिसेल का?" तर म्हणायच्या, "त्याला विचारलं नाही मी." आणि फोन ठेवायच्या.

नोकरी त्यांनी केली होती विमा कंपनीत. क्लेम तपासायच्या. गोदाम जळालं, ट्रक उलटला, म्हैस मेली, असं कुणी आलं की अक्कांचा पहिला प्रश्न ठरलेला. तुम्ही पाहिलंत की वाटलं? निवृत्त झाल्या तरी प्रश्न निवृत्त झाला नाही. रानात आपण उत्साहाने म्हणावं, "अक्का, त्या फांदीवर घुबड!" की मागून आवाज, "पाहिलंस की वाटलं?" दहातल्या आठ वेळा ते वाळकं पान असायचं. उरलेल्या दोन वेळा घुबड असायचं, पण तोवर आपलाच आपल्यावरचा विश्वास उडालेला असायचा.

मी पहिल्यांदा गेले ती पुरती पुणेकर म्हणून गेले. म्हणजे पाठीवर मोठी सॅक, पायात भारी बूट आणि मनात हा हिशेब की बारापर्यंत माथा गाठायचा, फोटो काढायचा आणि उतरायचं. लहानपणापासून किल्ले चढलेली मी. डोंगर म्हणजे चढायची गोष्ट, दुसरं काय असतं? अक्का पुढे होत्या. नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम आणि हातात लांब दांड्याची काळी छत्री. निघालो, आणि घराचं फाटक ओलांडताच थांबलो. फाटकाच्या दगडी खांबावर शेवाळ होतं. त्या शेवाळापाशी आम्ही उभे! मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. अक्कांनी ते बघितलं. "घाई आहे का पुट्टी?"

"नाही, पण वर जायचंय ना?"

"वर काय आहे?"

"माथा."

"तो पळून जात नाही. हे शेवाळ ऊन आल्यावर मिटून जाईल."

दुपारपर्यंत आम्ही जेवढं चाललो तेवढं मी कोथरूडला भाजी आणायला चालायचे. मला इतका राग आला होता की जेवताना मी अक्कांच्या चटणीपुडीला हात लावला नाही. आता वाटतं, नुकसान माझंच झालं. तसली चटणीपुडी अक्कांनी परत कधी आणली नाही.

नावं सांगायच्या नाहीत, ही दुसरी तऱ्हा. पैसे भरून आलेली माणसं, वर्षानुवर्षं पुस्तकं चाळलेली, गळ्यात दुर्बिणी घातलेली. त्यांना पक्ष्याचं नाव हवं असायचं. अक्का नाव द्यायच्या, पण रविवारी निघताना. तोवर त्या पक्ष्याला तुम्ही स्वतः ठेवलेल्या नावाने हाक मारायची. त्यामुळे आमच्या गटात पक्ष्यांची फार थोर नावं होती. 'शेजारचे काका', कारण तो खाकरून मग बोलायचा. 'ऑडिटवाली', कारण ती प्रत्येक पान उलटून बघायची. पहाटे ओढ्याकाठी एक निळा-काळा पक्षी शीळ घालायचा, सुरू झकास करायचा आणि मध्येच चाल विसरल्यासारखा भरकटायचा. त्याचं नाव 'बाथरूममधले बाबा'. एकाने फोनमधल्या ॲपला तो आवाज ऐकवला, खरं इंग्रजी नाव शोधून काढलं आणि विजयी मुद्रेने जाहीर केलं. अक्का म्हणाल्या, "सरी. मग त्याच्या पायांचा रंग सांग." त्याला येईना. पक्षी तोवर उडून गेला होता.

जळवांचंही तसंच. पावसाळ्यानंतर त्या रानात जळवा भारी. आम्ही किंचाळत मीठ-चुन्याच्या पुरचुंड्या काढायचो आणि अक्का आपल्या पोटरीवरच्या जळवेकडे चष्मा वर करून बघत बसायच्या. "जेवतेय," म्हणायच्या, "पाहुण्याला अर्ध्या ताटावरून उठवू नये." मी हे ऐकूनच दोन पावलं मागे सरकायचे. पण एक सांगते, मी पुढे जळवेचं चालणं नीट बघितलं. कशी उभी राहते, कशी हवेत डोकं फिरवून कुणाचा पाय आला याचा अंदाज घेते. भीती गेली नाही. किळस मात्र गेली.

आणि आता त्यांच्या सगळ्यात मोठ्या तऱ्हेबद्दल. रविवारी सकाळी त्या आम्हाला मळ्यातून, रानातून, ओढा ओलांडून वर गवताच्या माथ्यापर्यंत न्यायच्या. वाटेत थांबत थांबत. वर पोचलं की खिशातले भाजलेले वाटाणे वाटायच्या, छत्री उघडायच्या आणि बोलणं बंद. "येताना मी पुढे होते, जाताना तुम्ही," हे शेवटचं वाक्य. मग खाली घर येईपर्यंत तोंडातून शब्द नाही. त्या सगळ्यात मागे, उघड्या छत्रीखाली. रस्ता आम्ही शोधायचा, सकाळी जे पाहिलं त्याच्या आधारावर. ते खरवडलेलं खोड, मग तो नकाशासारखी बुरशी चढलेला खडक, मग लाल कोवळ्या पानांचं नेचं. ज्याने पाहिलं असेल त्याला वाट सापडेल. चुकलात तर अक्काही तुमच्याबरोबर चुकणार, आनंदाने. धोका नव्हता तसा, कुठूनही उताराला लागलं की खाली डांबरी सडक यायचीच. पण एकदा आम्ही थेट कुणाच्या तरी बारशात जाऊन उभे राहिलो होतो. चिखलाने माखलेली डझनभर माणसं आणि मागे छत्रीतली बाई. त्या लोकांनी पानं मांडली. अक्कांनी मुक्यानेच बाळाच्या हातात नोट ठेवली आणि मुक्यानेच होळगी वाढून घेतली. पुरणपोळीची ती बहीण मी तिथे पहिल्यांदा खाल्ली.

अशी ही बाई डोंगरात कधी पडली नाही. पडली ती जे. पी. नगरच्या फुटपाथवर. कसली तरी केबल टाकायला खणलेला खड्डा होता, त्यावर नुसती फरशी ठेवलेली. मनगट मोडलं. प्लॅस्टरातला हात घेऊन अक्का आम्हाला सांगत होत्या, "रानात जमीन खोटं बोलत नाही रे. इथे फरशी बोलली."

मनगट जुळलं, पण त्या प्लॅस्टरने कॅनडातून मेधाला आणलं. मेधा अक्कांची एकुलती एक मुलगी. चाळिशीतली, नीटनेटकी, हॉस्पिटलांच्या हिशेबाची कामं बघणारी. आईचे ते जुने कॅनव्हासचे बूट बघूनच तिने कपाळाला हात लावला असणार. तिचं म्हणणं सरळ होतं. अम्माने डोंगर बंद करावेत, आणि शक्य तर तिच्याकडे येऊन राहावं. मायलेकींचं आठवडाभर वाजलं. शेवटी अक्कांनीच तोडगा काढला. "एकदा माझ्याबरोबर ये. बघ. मग तू बंद म्हणालीस तर बंद." हे आम्हाला अक्कांनी स्वतः सांगितलं, गाडीचं ठरवायला फोन केला तेव्हा, गाडीत किती जागा याच्या बरोबरीने, त्याच सुरात.

माझी झोप उडाली. हसू नका, पण त्या दोन दिवसांवर माझा महिना उभा असायचा. पुण्याहून एकटी आलेली मी, कामावर दिवसभर हिंदी-इंग्रजी, घरी आल्यावर भिंती. अक्कांच्या गाडीत बसलं की मी कुणाची तरी असायची. हे थांबणार?

मग आम्ही जे केलं ते फक्त आमच्यासारखेच करू जाणोत. धनंजय नावाचा नागपूरचा एक प्रोजेक्ट मॅनेजर आमच्यात होता, मनाने सोन्यासारखा आणि गप्प बसायचा त्रास असलेला. त्याने अक्कांना वगळून वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. 'रिलीज रविवार' असं नाव. रात्री कॉल झाला. जोखमी मांडल्या गेल्या. अक्का घसरणे, अक्का दमणे, आणि सगळ्यात मोठी जोखीम, परतताना आम्ही वाट चुकणे. "मेधाताईंसमोर आपण कोणाच्या बारशात घुसलो तर संपलं न बे," धनंजय म्हणाला, "मी सकाळी जाताना फोनवर रस्ता रेकॉर्ड करून ठेवतो. येताना एका कानात लावतो. तो सांगते, मी चालतो. कोणाले समजत बी नाही." आम्ही सगळ्यांनी अंगठे दाखवले. मीही दाखवला. माझ्याकडे काम आलं अक्कांच्या उजव्या कोपराशी राहण्याचं.

शनिवारी घाटात पहिली विकेट मेधाची पडली. तिला गाडी लागते. चारदा गाडी थांबवावी लागली. रस्त्याच्या कडेला बसून ती तोंड पुसत होती आणि अक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "लहानपणापासून असंच," मेधा मला म्हणाली, "म्हणून तर अम्मा मला कधी आणायची नाही. ती इथे आणि मी आजीकडे. महिन्याचा एक शनिवार-रविवार." ती हसत सांगत होती. पण मला ते हसू काही बरं वाटलं नाही.

दिवसभर आम्ही इतके शहाण्यासारखे वागलो की लाज वाटावी. कुणी वाघ विचारला नाही. कुणी घड्याळ बघितलं नाही. जळू चढली तरी आम्ही ओठ चावून "जेवू दे" म्हणालो. अक्का एक पाऊल टाकायच्या तर दोन्ही बाजूंनी दोन हात पुढे. दुपारी त्यांनी छत्री आपटली.

"काय चाललंय? पालखी आहे का मी?"

"नाही अक्का, चिखल आहे म्हणून..."

"चिखल तुला आहे तेवढाच मला आहे. साकु!"

मेधा मागून सगळं बघत होती.

रविवारी सकाळी नेहमीसारखे वर गेलो. म्हणजे अक्का नेहमीसारख्या गेल्या. ओढ्याच्या जरा अलीकडे त्यांनी एका झाडापाशी थांबवलं. लाल मुंग्यांनी हिरवी पानं एकमेकांना शिवून नारळाएवढं घर केलं होतं. मुंग्यांची रांगच्या रांग पानाच्या कडा ओढून धरत होती. अक्का सांगत होत्या आणि मी मान हलवत होते, पण माझं लक्ष होतं त्यांच्या पायाखालच्या मुळीवर. धनंजयचं लक्ष खिशातल्या फोनकडे, रेकॉर्डिंग चालू आहे ना याच्याकडे. बाकीचे मेधाच्या चेहऱ्याकडे बघत होते. माथ्यावर वाटाणे वाटले गेले. छत्री उघडली. अक्का गप्प झाल्या.

आणि आम्ही सुसाट उतरलो. धनंजय पुढे, एका कानात ते इयरफोनचं बोंडूक, केस त्यावर ओढलेले. वळणावर अजिबात न घुटमळता डावीकडे, मग उजवीकडे, ओढा, मळा, फाटक. इतक्या लवकर आम्ही कधीच परतलो नव्हतो. घरमालकाची कॉफीसुद्धा चुलीवर चढली नव्हती. कोपराशी राहायचं माझं काम मी केव्हाच विसरले होते; मागे वळून बघितलं तर अक्का आणि मेधा बऱ्याच अंतराने सावकाश येत होत्या.

कॉफी आली. मेधाने पेला दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "अम्मा, मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच चांगलं आहे. माणसं काळजी घेतात तुझी. कोणी चुकलं नाही, कोणी पडलं नाही. तू कर हे. माझी काही हरकत नाही."

धनंजयने टेबलाखालून मला लाथ मारली, आनंदाची. मी त्याला परत मारली. रिलीज यशस्वी!

अक्का कॉफीत बघत होत्या. मग म्हणाल्या, "पुट्टी, मुंग्यांचं ते झाड. आत्ता उतरताना कुठल्या हाताला लागलं?"

झाड? उतरताना ते झाड लागलं होतं?

अक्कांनी पुढच्याला विचारलं. त्याच्या पुढच्याला विचारलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. धनंजय म्हणाला, "डावीकडे, अक्का."

"पाहिलंस की वाटलं?"

तो बिचारा खोटं बोलू शकत नाही. "वाटलं," म्हणाला. आणि मग न विचारताच कानातलं काढून टेबलावर ठेवलं. त्याच्या शेजारी फोन. पडद्यावर आमची सगळी वाट निळ्या रेघेने काढलेली होती.

"तुमच्यासाठीच केलं, अक्का," मी म्हणाले, "बंद होऊ नये म्हणून."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ती निळी रेघ चष्मा वर करून बघितली, जळवेकडे बघायच्या तशी, आणि म्हणाल्या, "सरी." मग मुलीकडे वळल्या. "मेधा, माझं तिकीट काढ. मी येते तिकडे."

"अगं पण मी आत्ताच म्हटलं ना..."

"तू म्हटलंस. मीच म्हणते आता, बंद. इतकी वर्षं यांना घेऊन चालले. डोळे उघडे ठेवून घरी यावं एवढंच शिकवत होते. मला वाचवायचं म्हटल्यावर यांनी पहिल्यांदा डोळेच मिटले. मग शिकवलं काय मी?"

मला त्या क्षणी जमिनीत गेले तर बरं असं झालं होतं. आमच्याच हाताने आम्ही अक्का घालवल्या होत्या, आणि त्याही अगदी नियोजनबद्ध.

"उजव्या हाताला," मेधा म्हणाली.

कुणालाच आधी कळलं नाही ती कशाबद्दल बोलतेय.

"मुंग्यांचं झाड. उतरताना उजव्या हाताला लागलं. आणि घर एक नव्हतं, अम्मा. खाली आणखी एक होतं, जुनं, वाळलेलं. त्यात मुंग्या नव्हत्या, कोळी राहत होता."

अक्कांचा पेला हवेत थांबला. "पाहिलंस की..."

"पाहिलं," मेधा चिडूनच म्हणाली, "तू पडशील म्हणून मी तुझ्याकडे बघत चालले होते. तू जिकडे बघायचीस तिकडे मी बघत होते. दुसरं करण्यासारखं काय होतं? तू बोलत तर नव्हतीस." आणि मग ती सांगत सुटली. खरवडलेल्या खोडावर खालच्या बाजूला केस चिकटले होते. ओढ्यात खेकड्याने रिकामी करून टाकलेली कात होती. एका ठिकाणी वाटेवर सगळी पानं पालथी पडलेली, काहीतरी नुकतंच उकरून गेलेलं. तिच्या आवाजात असा एक उत्साह चढत गेला की मला ती चाळिशीतली वाटेना.

अक्का उठल्या. "दाखव," म्हणाल्या.

मग आम्ही सगळेच परत निघालो. फोन घरमालकाच्या तांदळाच्या डब्यात ठेवले, धनंजयने स्वतःहून झाकण लावलं. पुढे मेधा. ओढ्यापर्यंतच जायचं होतं, पण ती पहिल्याच फाट्याला चुकली. मग आणखी एकदा चुकली. घसरून चिखलात बसली, ते नीटनेटके कपडे पार गेले, पण ती उठून पुढे चालायला लागली. आम्ही एका कॉफी वाळवायच्या अंगणात जाऊन पोचलो. तिथल्या बाईने ताक दिलं, कुठे जायचंय विचारलं. मेधाने तिला वाट विचारली नाही. बराच वेळ इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाली, "ते लाल नेचं मी पाहिलंय, पलीकडून." आणि त्याच्या पलीकडे खरंच ते झाड होतं. खालचं घर वाळलेलं, आत कोळी. आम्ही सगळ्यांनी वाकून वाकून बघितलं. अक्का झाडाकडे बघत नव्हत्या, मेधाकडे बघत होत्या.

निघायला दुपार उलटली. घाट उतरून गाडी सपाटीला लागल्यावर धनंजयने सगळ्यांच्या मनातलं विचारलं. "मंग अक्का, पुढच्या महिन्यात किती तारीख?"

"पुढच्या महिन्यात मी नाही," अक्का म्हणाल्या. "कॅनडाला जाते."

"पण मेधाताई तर हो म्हणाल्या! तुम्ही आमच्यावर अजून रागावलात काय?"

"नाही रे. राग तिथेच संपला, कॉफीबरोबर." त्या हळू आवाजात बोलत होत्या. "इतकी वर्षं लोकांची मुलं रानात नेली. स्वतःचीला गाडी लागते म्हणून घरी ठेवली. गाडी थांबवत थांबवत नेली असती तर काय झालं असतं? उशीर झाला असता, एवढंच. मलाच पाचला निघायचं असायचं. ती म्हणते, तिच्या गावाजवळ डोंगर आहेत. एकदाही गेली नाही. आता ती बघायला लागलीय आणि मी तुमच्याबरोबर फिरत बसू?"

"आणि आम्ही?" मी विचारलं. लहान मुलासारखं विचारलं, मला माहीत आहे. रडू येत होतं आणि ते लपवावंसंही वाटत नव्हतं.

"तुम्हाला वाट ठाऊक नाही का?" अक्का म्हणाल्या. मग जरा थांबून, "नाही ठाऊक. तेच बरं आहे. बघत बघत जा."

मला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, भांडायचंही होतं. धनंजयनेही तोंड उघडलं होतं. पण अक्कांनी ओठांवर बोट ठेवलं. मेधाला त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोप लागली होती. केसांत चिखल, तोंड किंचित उघडं. अक्का त्या बाजूचा हात जराही न हलवता ताठ बसून राहिल्या, आणि यशवंतपूर येईपर्यंत गाडीत कुणीही चकार शब्द काढला नाही.